डाव्या चाकाचा ड्रम

एकोणीसशे एकाहत्तर साली, थंडी सरता सरता, मी माझ्या वडिलांच्या गॅरेजमागच्या अंगणात तीन दिवस बसून एका मोडक्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट सोडवले. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. आता त्र्याऐंशी पुरी झाली. चष्मा कपाळावर असतो आणि मी तो घरभर शोधत फिरते. सकाळची गोळी घेतली की नाही ते संध्याकाळी आठवत नाही. पण त्या दोन बोल्टांच्या डोक्यांवरून गंजाचे पापुद्रे कसे सुटत गेले ते विचारा, सगळं सांगेन.

आमचं घर असं होतं की पुढे रस्त्याला लागून गॅरेज, मध्ये एक दार आणि दाराच्या अलीकडे आमच्या तीन खोल्या. मागे अंगण. अंगणात नळ, कपडे वाळत घालायची तार आणि जुन्या टायरांची चळत. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत होती, त्यामुळे आमच्याकडच्या प्रत्येक घासाला पेट्रोलचा थोडा वास असायचा. एकदा जेवून गेलेला पाहुणा दुसऱ्यांदा आला की दारातूनच सांगायचा, "आत्ताच जेवून निघालोय."

आई मी सात वर्षांची असताना गेली. वडिलांची, म्हणजे आप्पांची, थोरली बहीण विधवा होती. ती आमची आत्या. तेव्हापासून ती आमच्याकडेच राहिली. तिने मला आणि माझ्याहून चार वर्षांनी धाकट्या भावाला वाढवलं. भाऊ लहानपणापासून तोंड मिटून असायचा म्हणून आत्या त्याला घुम्या म्हणायची. ते नाव इतकं चिकटलं की एकदा शाळेत मास्तरांनीही हजेरीला तेच पुकारलं.

आप्पा ब्रेकच्या कामासाठी नावाजलेले होते. म्हणायचे, "इंजिन बंद पडलं तर गिऱ्हाईक शिव्या देतं. ब्रेक बंद पडला तर शिव्या द्यायला गिऱ्हाईक उरत नाही."

मीही त्या गॅरेजातच वाढले. लांबून बोल्ट बघून तो कितीच्या पान्याने फिरेल ते सांगायची. बाराव्या वर्षी आत्याने मला कोपराला धरून स्वयंपाकघरात आणलं. "असली काळी नखं घेऊन हिला कोण पत्करणार?" असं तिचं म्हणणं. तरी गॅरेजातलं एक काम माझ्याकडेच राहिलं. फळीवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात जुन्या स्प्रिंगा असायच्या. आप्पा स्प्रिंग कधी फेकत नसत. ताणून ताणून तिच्या टोकाचा आकडा सैल झाला की ब्लोलॅम्पच्या ज्योतीवर तो लाल करायचे, पकडीने पुन्हा वळवायचे, दीड वेढा देऊन, आणि गार झाली की डब्यात. डब्याचं झाकण वाकलेलं होतं. चमच्याच्या दांड्याने एका ठरावीक कोपऱ्यातून उचकटलं तरच ते निघे, आणि तो कोपरा फक्त मलाच सापडायचा. लग्नानंतर माहेरी आले की चपला काढायच्या आधी हाक यायची, "डबा उघडून दे गं."

आमच्या घरात नवं असं काही नसायचंच. फाटकाची स्प्रिंग, आत्याच्या शिलाईच्या मशीनची कळ, खिडकीची कडी, सगळं कुठल्या ना कुठल्या गाडीच्या पोटातून निघालेलं होतं. आप्पांना त्याचा अभिमान होता.

माझे यजमान टपाल कचेरीत होते. लग्नाला चार वर्षं झाल्यावर आप्पांनी आम्हाला एक जुनी गाडी उभी करून दिली. हे ती इतकी सावकाश चालवायचे की सायकलवाले मागे वळून बघत पुढे जायचे. आत्या म्हणायची, "जावई गाडी चालवतात की तिला पाय मोकळे करायला नेतात?" हे हसायचे आणि दोन्ही हात चाकावर ठेवूनच हसायचे.

तर एकोणसत्तर सालच्या डिसेंबरात, पाण्याच्या टाकीखालच्या उतारावर, ह्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी एकदम डावीकडे ओढली गेली. रस्ता सोडून दगडी कठड्यावर आदळली. हे जागच्या जागी गेले. मी घरी मटार सोलत होते. पोलिसांच्या कागदावर "चालकाचा ताबा सुटला" एवढंच लिहिलं गेलं.

त्याच्या आठच दिवस आधी त्या गाडीचे ब्रेक घुम्याने उघडून नव्याने बसवले होते.

आप्पांनी मोडकी गाडी ओढून आणली आणि अंगणात टायरांच्या चळतीशेजारी ताडपत्रीखाली ठेवली. आमची भाड्याची खोली सोडून मीही माहेरी आले. गाडीनंतर दोन आठवड्यांनी.

मी रडले नाही. हे काही मोठेपणाने सांगत नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग आपल्याच गालाला हात लावला तरी तो दुसऱ्याचा गाल वाटतो, तसं माझं अंगभर झालं होतं. मी जेवायचे, झोपायचे, भांडी घासायचे. चहाने जीभ भाजली तर उशिरा कळायचं. आत्या माझे खांदे धरून हलवायची. "रड गं, पोरी. एकदा रड. अशी दगडासारखी काय बसतेस?" मी म्हणायचे, "रडते नंतर," आणि उरलेली भांडी घासायला घ्यायचे.

घुम्याने त्या दिवसापासून पान्याला हात लावला नाही. तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायला जाऊ लागला. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याची बोटं लाल आणि आखडलेली असायची, कप दोन तळव्यांत धरून चहा प्यायचा. आप्पा त्याच्याशी बोलत नव्हते. तोही नव्हता. एकाच खोलीत बसून दोघं आत्यामार्फत बोलत.

"त्याला सांग, दार लोटून घे म्हणावं."

"ऐकलंस का रे? दार लोट."

"आत्या, लोटलंय म्हणावं."

"लोटलंय म्हणतो. अरे, मी काय तुमची टपाल कचेरी आहे का?" असं म्हणून आत्या जीभ चावायची आणि माझ्याकडे बघायची. मला काही वाटत नसे.

घरात उघड कोणी बोललं नव्हतं, पण घुम्याचा हात चुकला हे सगळे धरूनच चालले होते. शेजारीपाजारी, आप्पांची गिऱ्हाइकं, मीसुद्धा. त्याने कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही. खरं काय ते डाव्या चाकाच्या ड्रमच्या आत होतं. ब्रेकचं सगळं यंत्र त्या लोखंडी ड्रमच्या आत झाकलेलं असतं. ड्रम काढल्याशिवाय आत काय मोडलं, काय निसटलं, काही दिसत नाही. पहिल्या महिन्यात मी आप्पांना एकदा म्हटलं होतं, "उघडून बघा ना." ते म्हणाले, "काय बघायचंय?" आणि उठून गेले. आत्या म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. उघडून गेलेला माणूस परत येणार आहे का?"

असे चौदा महिने गेले.

मग एका सोमवारी सकाळी भंगारवाला आला. अंगणातली जागा आप्पांना हवी होती, निदान ते तसं म्हणाले. भंगारवाल्याने ताडपत्री उचलली, आत डोकावला आणि मागे सरला.

"मिस्त्री, ही गाडी रिकामी नाही. भाडेकरू आहे आत."

मागच्या सीटवर मांजर व्यायली होती. तीन पिल्लं होती.

"तिला सांग खाली करायला," आप्पा म्हणाले.

"मी कशाला सांगू? घरमालक तुम्ही. आणि बाळंतिणीला बाहेर काढायचं पाप माझ्या माथी नको. गुरुवारी ट्रक आणतो, तोवर तुमचं तुम्ही बघा." जाता जाता त्याने पुढच्या चाकाला लाथ मारली. चाक हललं नाही. "हे तर धरूनच बसलंय. उचलूनच न्यावं लागेल."

त्याच संध्याकाळी घुम्याने चहा पिता पिता आत्याला सांगितलं की समुद्राकाठी मासेमारीच्या बंदरावर बर्फाचा मोठा कारखाना आहे, तिथे त्याला काम मिळालंय. शनिवारी निघणार.

"बर्फच उचलायचा तर इथला काय कडू आहे?" आत्या म्हणाली.

"तिथला कारखाना मोठा आहे."

"मग काय बर्फ जास्त गार असतो का तिथला?"

घुम्याने उरलेला चहा संपवला. आप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "त्याला सांग, स्वेटर ने म्हणावं. समुद्रावर वारा असतो."

मी भांडी विसळत होते. गुरुवारी गाडी जाणार, शनिवारी घुम्या. माझा नवरा ज्याच्या हातून गेला तो माणूस म्हणून माझा भाऊ हे घर सोडणार, आणि ते खरं होतं की खोटं हे सांगणारा ड्रम भट्टीत वितळणार. एकदा असं झालं की मरेपर्यंत मला कळणार नव्हतं. मला राग आला नव्हता, दया आली नव्हती. पण एवढं एक माहीत करून घ्यायला हवं असं वाटलं, चौदा महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी वाटलं, तेही पुसट. मी हात पुसले आणि फळीवरून जॅक, चाकाचा पाना आणि तारेचा ब्रश घेऊन अंगणात गेले. अजून उजेड होता.

पोतं अंथरलं, जॅकवर गाडी उचलली. चाकाचे नट पान्याच्या दांड्याला पाइप लावून निघाले आणि चाक बाजूला झालं. आतला ड्रम लालभडक होता, ताडपत्री चाकांपर्यंत पोचत नसल्याने पावसाळा सगळा त्याने अंगावर घेतला होता. त्यावर दोन बोल्ट होते, वर एक, खाली एक. त्यांची डोकी गंजाने फुगून ड्रमशी एकजीव झाली होती. मी ब्रशने घासत बसले. पापुद्रे पडत गेले आणि हळूहळू सहा कोपरे दिसायला लागले. रॉकेल आणि इंजिनचं तेल समसमान घालून ते बोल्टांच्या मुळाशी सोडलं. आत्या दारात येऊन उभी राहिली.

"हे काय मांडलंस?"

"बोल्ट काढतेय."

"कशाला?"

"निघत नाहीत म्हणून."

ती कपाळाला हात लावून आत गेली. घुम्याने खिडकीतून बघितलं असावं, कारण आतला दिवा लागला आणि लगेच विझला.

मंगळवारी सकाळपासून मी तासातासाने तेल सोडत राहिले. दुपारी पाना लावला. बोल्ट हलला नाही. पाइप लावून जोर केला तर पाना सटकला आणि माझी बोटं ड्रमवर आपटली. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. मी हातोडीने बोल्टाच्या डोक्यावर हलके ठोके देत होते तेव्हा आप्पा कळशी घेऊन नळाशी आले. कळशी भरेपर्यंत त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नळाकडे बघतच म्हणाले,

"आधी कस."

"काय?"

"सोडायच्या आधी कस. केसभर. मग सोड." आणि कळशी उचलून आत गेले.

लहानपणी हे शंभर वेळा ऐकलं होतं आणि विसरले होते. जाम झालेल्या बोल्टाला आधी उलट्या दिशेने, म्हणजे आणखी घट्ट करायच्या बाजूला, किंचित ढकलायचं. गंजाची पकड तिथे तुटते. मी पाना फिरवून लावला आणि अंगाचा भार टाकला. बारीकसा "टक्" आवाज आला, सुपारी फुटावी तसा. मग सोडायच्या बाजूला ओढला. पाव फेरा आला. परत आत नेला, तेल सोडलं, पुन्हा ओढला. दोन पावलं पुढे, एक मागे. वरचा बोल्ट तळहातावर आला तेव्हा चार वाजले होते. गरम लागत होता. आत्या म्हणाली, "अगं, रक्त येतंय तुझ्या बोटांतून," तेव्हा मी बघितलं. खरंच येत होतं.

खालचा बोल्ट वेगळाच हट्टी निघाला. कसायलाही हलेना, सोडायलाही हलेना. संध्याकाळपर्यंत त्याचे दोन कोपरे गोल होऊन बसले आणि पाना त्याच्यावर नुसता फिरायला लागला.

बुधवारी सकाळी मी अंगणात गेले तर गाडीच्या मडगार्डवर ब्लोलॅम्प ठेवलेला. शेजारी एक मेणबत्ती.

आत आत्या ओरडत होती, "कपाटातली मेणबत्ती कोणी नेली? एकच होती."

"उंदरांनी खाल्ली असेल," आप्पा म्हणाले.

"वातीसकट?"

"भूक लागली असेल."

चौदा महिन्यांत आप्पांनी केलेला तो पहिला विनोद. मी ब्लोलॅम्प पेटवला. तेव्हा मला एवढंच वाटलं की आप्पांना ड्रम उघडायला हवाय, पण स्वतःच्या हाताने नकोय. त्यापुढे मी विचार केला नाही.

आगीने बोल्टाचं डोकं जांभळट झालं. मेणबत्ती त्याला टेकवली की मेण पाण्यासारखं पातळ होऊन बोल्टाच्या मुळाशी आत ओढलं जाई. जिथे तेल शिरत नाही तिथे मेण शिरतं, ही आप्पांची विद्या. मी पाच वेळा तापवला, पाच वेळा मेण पाजलं. मग गोल झालेल्या डोक्यावर एक लहान मापाचा पाना हातोडीने ठोकून बसवला. कसला. टक् झालं. सोडला. अर्धा फेरा आला, आणखी अर्धा, आणि मग एकदम सैल झाला. बघते तर डोकं पान्यात राहिलेलं आणि बोल्टाचा दांडा आतच तुटलेला. त्याने काही बिघडत नव्हतं. ड्रमला धरून ठेवतं ते डोकंच.

तरी ड्रम निघेना. आतून काहीतरी त्याला अडकवून बसलं होतं. मी कडेने ठोकत गेले, लाकडाचा ठोकळा मध्ये धरून, गोल गोल. दुपार गेली. मग मला ड्रमवरची दोन छोटी भोकं आठवली. मातीने बुजली होती. खिळ्याने कोरून काढली. आत आटे होते. ती भोकं त्यासाठीच असतात: त्यांत दोन बोल्ट फिरवत गेलं की ते मागच्या लोखंडाला रेटतात आणि ड्रम स्वतःच बाहेर ढकलला जातो. एकाला पाव फेरा, दुसऱ्याला पाव फेरा. कडेला सुताएवढी फट पडली.

तेवढ्यात घुम्या कारखान्यातून आला. अंगणाच्या फाटकात उभा राहिला. फाटक त्याच्या मागे आपोआप लागलं.

"ताई, राहू दे."

"आलाय. थोडाच उरलाय."

"मी सांगतो ना, राहू दे. उद्या भंगारात जाऊ दे."

"का?"

तो माझ्याजवळ उकिडवा बसला. लाल बोटं गुडघ्यांवर ठेवली. "मी जातोय शनिवारी. जो तो माझ्या नावाने गप्प बसलाय. बसू दे. आप्पा म्हातारे झालेत."

"तुला माहीत आहे आत काय आहे?"

"पाहिलं नाही मी."

"पण माहीत आहे."

त्याने मान खाली घातली. मी डाव्या बोल्टाला पाव फेरा दिला, उजव्याला पाव फेरा दिला. ड्रम करकरला आणि पोत्यावर पडला. मोठा आवाज झाला. गॅरेजातून आप्पा हात पुसत आले.

ड्रमच्या आत गंज कमी होता. दोन अर्धगोल पट्ट्या असतात, त्यांना शू म्हणतात. ब्रेक दाबला की त्या फाकून ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबतं. पाय उचलला की एक स्प्रिंग त्यांना परत ओढून घेते. ती स्प्रिंग तुटलेली होती. एक शू मागे फिरला नव्हता, तिरका होऊन ड्रममध्ये रुतला होता. म्हणून डावं चाक जागीच आवळलं गेलं आणि गाडी डावीकडे खेचली गेली. ह्यांचा ताबा वगैरे काही सुटला नव्हता.

स्प्रिंगचा तुकडा मी बोटांनी काढला. ती आकड्याशी तुटली होती, बरोबर वळणावर. वळणाला तापवल्याचा निळा डाग होता आणि पकडीच्या दातांचे ठसे. दीड वेढा. माणसाचं अक्षर ओळखावं तसं मी ते ओळखलं.

मी तळहात पुढे केला. आप्पांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग मान वर केली आणि चौदा महिन्यांनी पहिल्यांदा घुम्याकडे सरळ बघून बोलले.

"तू नवीन काढली होतीस ना? बाकावर ठेवली होतीस."

"हो."

"मी म्हटलं, घरचीच गाडी आहे, डब्यातली लाव."

"हो."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" घुम्या म्हणाला.

पण हे बोलताना त्याने आप्पांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं, आणि लगेच नजर काढून घेतली. तेव्हा मला तो दिवस दिसला. शनिवारची दुपार होती. गाडी गॅरेजात होती, हे बाकावर बसून चहा पीत होते. म्हणाले, "नवीनच टाका ना आप्पा, नवीन आहे तर." आणि मी म्हणाले, "कशाला? आप्पांची स्प्रिंग नव्याला भारी आहे." आप्पा खूश झाले. मी आत जाऊन चमचा घेऊन आले, कोपरा शोधून झाकण उचकटलं आणि डबा घुम्याच्या पुढे धरला.

चौदा महिने हे माझ्या डोक्यात नव्हतं. विसरले होते असंही नाही. त्या आठवणीच्या दाराशी मी गेलेच नव्हते. घुम्या गेला होता, आणि आप्पांसाठी जितका गप्प राहिला तितकाच माझ्यासाठी.

"डबा मी दिला होता," मी म्हटलं.

"उघडून दिलास फक्त," घुम्या म्हणाला.

आप्पा टायरांच्या चळतीवर बसले. मांजर गाडीतून उतरली, ड्रम हुंगला आणि परत आत गेली. दारातून आत्या म्हणाली, "चहा झालाय." मग थोडं थांबून, "सगळ्यांना एकदमच सांगते."

मला वाटलं होतं, काहीतरी होईल. बांध फुटेल. काही झालं नाही. मी रॉकेलने हात धुतले, मग साबणाने धुतले. नखांतलं काळं निघालं नाही. आत जाऊन चौघांनी चहा प्यायला. आप्पांनी साखरेचा डबा घुम्याकडे सरकवला, स्वतःच्या हाताने, आत्याला न सांगता.

गुरुवारी ट्रक आला. भंगारवाल्याने पिल्लं एक एक उचलून टायरांत ठेवली. गाडी चढवून झाल्यावर आप्पा गॅरेजात गेले आणि स्प्रिंगांचा डबा घेऊन आले. झाकणासकट तो ट्रकवर टाकला.

"हे काय मिस्त्री? जन्माची पुंजी ना ही?"

"घेऊन जा," आप्पा म्हणाले. ट्रक वळेपर्यंत उभे राहिले.

घुम्या शनिवारी गेलाच. तिकीट काढलं होतं, आणि आता त्याला जायला हरकतही नव्हती. आप्पा त्याला बसवर सोडायला गेले, स्वेटर काखेत घेऊन. दोघं काय बोलले मला माहीत नाही. आप्पा परत आले तेव्हा स्वेटर नव्हता.

आप्पांनी त्यानंतर ब्रेकचं काम घेतलं नाही. इंजिनं केली, दारं बसवली, पण ब्रेकची गाडी आली की म्हणायचे, "पोरीला विचारा." ऐंशी साली गेले. शेवटच्या आठवड्यात शुद्ध नव्हती, उजवा हात पांघरुणावर सारखा केसभर फिरायचा, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या.

आत्या एक्क्याण्णव वर्षं जगली. शेवटपर्यंत मला म्हणायची की तुझी नखं बघून पुन्हा कोणी पत्करलं नाही. त्यात थोडं खरं असेल. मी विचारलं नाही कोणाला.

घुम्या बंदरावर दोन वर्षं बर्फ उचलत होता. मग तिथलं यंत्र बंद पडलं आणि त्याने ते उघडलं. पुढे कारखान्याची सगळी यंत्रं त्याच्याकडे आली. तिथेच लग्न केलं. बायको भलती बोलकी मिळाली, त्यामुळे त्याला बोलायची गरज उरली नाही. वर्षातून एकदा यायचा, माझ्या हातचा चहा दोन तळव्यांत धरून प्यायचा. त्या बुधवारबद्दल आम्ही एकदाही बोललो नाही. सहा वर्षांपूर्वी गेला. त्याची मुलगी दर रविवारी मला फोन करते.

भंगारवाला पुढे मोठा माणूस झाला, दोन ट्रकांचे सात झाले. त्यांचे ब्रेक माझ्याकडेच यायचे. मांजरीची तीन पिल्लं आमच्याकडेच राहिली, आणि त्यांची पिल्लं, आणि त्यांची.

मी गॅरेज सत्तावीस वर्षं चालवलं. फक्त ब्रेकची कामं घेतली. स्प्रिंग नेहमी नवीन, गिऱ्हाइकाला आणि घरच्यालाही. फाटकालासुद्धा बदलली. अंगातली ती बधिरता किती वर्षांनी गेली, सांगता येत नाही. कुठल्या एका दिवशी गेली नाही. एकदा कधीतरी चहाने जीभ भाजली आणि लगेच कळलं, एवढं आठवतं.

तो चमचा अजून आहे. डब्याबरोबर गेला नव्हता, स्वयंपाकघरात होता. दांडा जरा वाकलेला आहे. चहा त्यानेच ढवळते.